मॉडिफाइड स्टार्च हलाल आहे का? घटकांच्या यादीतील १४२२ आणि १४५० यांविषयी

चौकस

अस्सलामु अलैकुम. तयार खाद्यपदार्थ घेताना वेष्टनावरील घटकांची यादी शेवटपर्यंत वाचण्याची सवय मला बरीच वर्षे आहे. जिलेटिन, रेनेट, प्राणिज चरबी, वाइन व्हिनेगर हे शब्द आता इतके ओळखीचे झाले आहेत की नजर त्यांच्यापाशी आपोआप थांबते. मात्र सूप, सॉस, दही, आइस्क्रीम, नूडल्स, अगदी लहान मुलांच्या खाण्यातही सापडणाऱ्या एका घटकाबद्दल माझे अजून समाधान झालेले नाही, आणि तो म्हणजे मॉडिफाइड स्टार्च. कुठे नुसते एवढेच नाव छापलेले असते, कुठे १४२२, १४४२ किंवा १४५० असा मिश्रकाचा (पदार्थात मिसळलेल्या द्रव्याचा) क्रमांक असतो.

स्टार्च मका, बटाटा, टॅपिओका यांतून निघते हे मला ठाऊक आहे. त्यामुळे पूर्वी मी त्याकडे लक्षच देत नसे. अलीकडे मोबाइलवर फिरणारी एक यादी नात्यातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने मला पाठवली. तिच्यात चौदाशेच्या घरातील सगळेच क्रमांक ‘संशयास्पद’ म्हणून दाखवलेले आहेत. कारण मात्र एकाचेही दिलेले नाही. म्हणून विचारते की, हे स्टार्च ‘मॉडिफाय’ करतात म्हणजे नेमके काय करतात, आणि त्या प्रक्रियेत प्राणिज पदार्थ किंवा मद्यार्क कुठे येऊ शकतो का? दुसरे असे की, वस्तू मुळात वनस्पतीची असेल, तर स्टार्च तयार करणारे उत्पादक त्यासाठी हलाल प्रमाणपत्र कशाला घेतात? प्रमाणपत्राची गरज भासते, याचा अर्थ कुठेतरी पाणी मुरते आहे, असे माझ्या मनाला वाटत राहते.

पिष्टमय

वालेकुम अस्सलाम, ताई. स्टार्चच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात मी काही वर्षे काम केले आहे, त्यामुळे प्रक्रियेपुरते सांगू शकतो. धार्मिक निर्णय देणे माझे काम नाही.

मॉडिफाय का करावे लागते, ते घरातल्या खळीवरून समजते. कच्चे स्टार्च पाण्यात शिजवले की त्याचे कण फुगतात आणि खळ दाट होते. ती फार उकळली, तिच्यात आंबट काही पडले किंवा ती जोराने घुसळली, तर फुगलेले कण फुटतात आणि खळ पातळ होते. तीच खळ थंड होऊन राहिली, की तिच्यातील अमायलोज या स्टार्चच्या घटकाच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि वर पाणी सुटते. गोठवून पुन्हा वितळवली तर पाहायलाच नको. आता सॉस आंबट असतो, बाटलीत भरण्यापूर्वी तो तापवावा लागतो, आणि पुढे कित्येक महिने त्यात पाणी सुटता कामा नये. कच्च्या स्टार्चला हे जमत नाही, म्हणून त्याच्या साखळ्यांना थोडे रासायनिक टाके घालतात, किंवा त्यांच्यावर लहान रासायनिक गट बसवून त्यांना एकमेकींपासून दूर ठेवतात. ‘मॉडिफाइड’ या शब्दाचा जनुकीय बदलाशी संबंध नाही, हेही येथेच सांगतो, कारण अनेकांचा तसा समज असतो.

टाके कशाचे, हा तुमचा खरा प्रश्न आहे. १४१२ मध्ये फॉस्फेटचे टाके असतात आणि ते सोडियम ट्रायमेटाफॉस्फेट किंवा फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड वापरून घातले जातात. १४२२ मध्ये ॲसिटिक आणि ॲडिपिक ॲनहायड्राइड वापरतात. त्यातील ॲडिपिक ॲनहायड्राइडची कमाल मर्यादा ०.१२ टक्के, म्हणजे हजार किलो स्टार्चला जेमतेम सव्वा किलो. १४४२ मध्ये प्रोपिलीन ऑक्साइड आणि फॉस्फेट, १४०४ मध्ये सोडियम हायपोक्लोराइट, आणि १४५० मध्ये ऑक्टेनिल सक्सिनिक ॲनहायड्राइड असते, ज्याची मर्यादा ३ टक्के आहे. यातील फॉस्फरसची रसायने खनिज फॉस्फेटपासून तयार होतात, हायपोक्लोराइट मिठापासून, आणि बाकीची बहुतेक सगळी खनिज तेलाच्या रसायनांपासून. त्यांत जनावराचा अंश नाही.

‘फॉस्फेट’ या शब्दावरून मात्र एक गैरसमज होतो. खाद्यघटकांच्या आंतरराष्ट्रीय क्रमवारीत ५४२ या क्रमांकाने हाडांपासूनचे फॉस्फेट खरोखरच आहे, आणि एकोणिसाव्या शतकात फॉस्फरस काढण्यासाठी हाडांची राख वापरत असत. ते वाचून १४१२ किंवा १४१३ मधील फॉस्फेटही हाडांचेच असणार, असा निष्कर्ष काही जण काढतात. तो चुकीचा आहे. तसाच दुसरा घोटाळा ४४१ चा. जुन्या याद्यांमध्ये हा क्रमांक जिलेटिनसाठी येतो, आणि घाईत वाचणाऱ्याला १४४० किंवा १४४२ मध्ये तोच दिसतो. ताई, तुमच्याकडे आलेली यादी कुठून निघाली ते मला ठाऊक नाही, पण कारण न देणाऱ्या अशा याद्या पुष्कळ फिरतात आणि त्यांची एकमेकींवरून नक्कल झालेली असते.

आता पाणी कुठे मुरू शकते, तेही स्पष्ट सांगतो. नाही असे नाही.

पहिली जागा एन्झाइमची. काही स्टार्च एन्झाइम वापरून पातळ केले जाते आणि आंतरराष्ट्रीय क्रमवारीत त्याला १४०५ हा क्रमांक आहे. युरोपच्या नियमांत मात्र ते मिश्रक न मानता साधा खाद्यघटक मानले जाते, त्यामुळे तिकडच्या वेष्टनावर हा क्रमांक दिसणारच नाही. यासाठी लागणारे अमायलेज हे एन्झाइम प्राण्यांच्या स्वादुपिंडातही असते, पण स्टार्च उद्योग ते वापरत नाही. बॅसिलस जातीचे जिवाणू किंवा ॲस्परजिलस ही बुरशी वाढवून मिळणारे अमायलेज स्वस्त असते आणि उष्णतेत अधिक टिकते. प्रश्न उरतो तो त्या जिवाणूंना काय खाऊ घातले याचा, कारण त्यांच्या खाद्यातील पेप्टोन, म्हणजे प्रथिनांचे तुकडे, कधी प्राणिज असू शकते.

दुसरी जागा मद्यार्काची. थंड पाण्यात फुगणारे काही विशेष स्टार्च इथेनॉल आणि अल्कलीच्या द्रावात तयार करतात, मग इथेनॉल उडवून स्टार्च वाळवतात. हा प्रकार एकंदरीत कमी आहे. झटपट विरघळणारे बहुतेक स्टार्च पाण्यात शिजवून तापलेल्या रुळांवर किंवा फवाऱ्याने वाळवलेले असते आणि त्यात मद्यार्काचा संबंध येत नाही.

तिसरी जागा या रुळांवरचीच. स्टार्चचा थर रुळाला चिकटू नये आणि चिकट होऊ नये म्हणून कधीकधी मोनोग्लिसराइड, म्हणजे ई ४७१, थोडे मिसळतात. ते पामतेलासारख्या वनस्पती तेलाचे असते तसे प्राणिज चरबीचेही असू शकते. माझ्या मते स्टार्चबाबत विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि नेमका तोच कोणी विचारत नाही.

प्रमाणपत्राबद्दल एक सांगतो. आम्ही ते घेत होतो, कारण आमचे ग्राहक असलेले खाद्यपदार्थ उत्पादक ते मागत. त्यांच्या अंतिम पदार्थाला प्रमाणपत्र हवे असेल, तर त्यातील प्रत्येक घटकाची कागदपत्रे लागतात. मीठ आणि साखरसुद्धा त्यातून सुटत नाहीत. त्यामुळे प्रमाणपत्र आहे म्हणजे आत काही संशयास्पद होते, असा अर्थ काढू नये.

तालिब

पिष्टमय यांनी प्रक्रिया इतकी स्वच्छ मांडली आहे की मसअला, म्हणजे धार्मिक प्रश्न, समजणे सोपे झाले. मी मुफ्ती नाही, फिकहचा, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राचा, विद्यार्थी आहे; म्हणून फतवा न देता केवळ उसूल (तत्त्वे) सांगतो.

खाण्याच्या वस्तूंबाबत मूळ हुकूम इबाहतचा, म्हणजे परवानगीचा आहे. कुरआनने निषिद्ध वस्तू नावे घेऊन सांगितल्या आहेत. सूरह अल-बकराच्या १७३ व्या आणि सूरह अल-माइदाच्या तिसऱ्या आयतीत मृत जनावर, रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहशिवाय दुसऱ्याच्या नावाने कापलेले जनावर यांचा उल्लेख येतो, आणि मद्याचा हुकूम अल-माइदाच्या ९० व्या आयतीत आहे. जी वस्तू नशा आणत नाही, विषारी नाही आणि नजिसही (अपवित्रही) नाही, ती वनस्पतीची असो वा खनिजाची, हलाल आहे. मका किंवा बटाट्याच्या स्टार्चवर खनिज रसायनाची प्रक्रिया झाल्याने हा हुकूम बदलत नाही. रसायन मुळात खाण्यासारखे नव्हते, हा आक्षेपही येथे टिकत नाही, कारण पाहायचे असते ते अंतिम वस्तू अपायकारक आहे का एवढेच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व आरोग्य संस्थांच्या तज्ज्ञ समितीने या स्टार्चसाठी रोजच्या सेवनाची संख्यात्मक मर्यादा ठरवण्याची गरज मानलेली नाही, आणि युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये १२ मॉडिफाइड स्टार्चचे फेरमूल्यांकन करून तोच निष्कर्ष काढला.

मतभेद येतो तो एन्झाइम, मद्यार्क आणि चरबी यांच्या बाबतीत. त्याची चावी इस्तिहाला या संकल्पनेत आहे, म्हणजे एखाद्या वस्तूचे मूळ स्वरूपच पालटून ती दुसरी वस्तू होणे. मद्याचा आपोआप सिरका (व्हिनेगर) झाला तर तो हलाल आहे, यावर चारही मसलकांचे (धार्मिक कायद्याच्या परंपरांचे) एकमत आहे. इतर नजिस वस्तूंना हाच नियम किती लावायचा, यावर मात्र वाटा वेगळ्या होतात. हनफी आणि मालिकी परंपरेत त्याला पुष्कळ वाव आहे, तर शाफिई आणि प्रचलित हनबली मतात तो मोजक्या बाबींपुरता राहतो. त्यामुळे एकाच घटकाबद्दल दोन विश्वासू आलिम (धर्मपंडित) वेगळे उत्तर देतात, आणि सामान्य माणूस गोंधळतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्टार्चचे नसून मोनोसोडियम ग्लुटामेट या चव वाढवणाऱ्या द्रव्याचे आहे. २००० सालच्या अखेरीस इंडोनेशियात असे उघडकीस आले की, एका मोठ्या उत्पादकाने ग्लुटामेट तयार करणारे जिवाणू जतन करून वाढवण्याच्या माध्यमात सोयाबीनचे असे द्रव्य वापरले होते, जे तयार करताना डुकरापासून काढलेल्या एन्झाइमचा उपयोग झाला होता. अंतिम ग्लुटामेटमध्ये त्याचा अंश सापडत नव्हता. तरीही तेथील उलमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, परिषदेने ते हराम ठरवले, कारण त्यांच्या दृष्टीने डुकरापासून लाभ घेणे हेच निषिद्ध होते. उलट तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद, जे स्वतः धर्मशास्त्राचे अभ्यासक होते, त्यांनी २००१ च्या जानेवारीत ते हलाल असल्याचे मत दिले. एकाच वस्तुस्थितीवरची ही दोन मते आहेत. एका मताने अंतिम वस्तूत काय उरले ते पाहिले, तर दुसऱ्याने ती घडताना कशाचा आधार घेतला ते पाहिले. एन्झाइम वापरलेल्या स्टार्चबद्दल कोणी प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तरही याच दोन दृष्टींपैकी एकीतून येणार.

सावध

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण मला एक मूलभूत हरकत नोंदवायची आहे. नुमान बिन बशीर यांनी सांगितलेल्या प्रसिद्ध हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनात) हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि त्या दोहोंमध्ये संशयास्पद गोष्टी आहेत, असे सांगून जो त्यांच्यापासून दूर राहिला त्याने आपला दीन (धर्म) राखला, असे म्हटले आहे. आता वेष्टनावर नुसते ‘मॉडिफाइड स्टार्च’ लिहिलेले असेल आणि आत एन्झाइम होते, मद्यार्क होता की चरबी होती हे ग्राहकाला कळण्याची सोयच नसेल, तर ती वस्तू मशबूह (संशयास्पद) नाही का? शिवाय क्रमांक न छापण्याची मुभा उत्पादकांना का मिळते, हेही मला समजत नाही. लपवण्यासारखे नसेल, तर लिहायला काय हरकत आहे? मी स्वतः प्रमाणपत्र नसलेला, मॉडिफाइड स्टार्चचा कोणताही पदार्थ घेत नाही, आणि चौकस ताईंनाही तोच सल्ला देईन.

तालिब

सावध भाई, तुमचा परहेज (वर्ज्य करणे) तुमच्या तकव्यातून (ईश्वरभीतीतून) आलेला आहे आणि तो मला आदरणीय वाटतो. परंतु स्वतः न खाणे आणि दुसऱ्याला ती वस्तू मशबूह असल्याचे सांगणे, यांत फरक आहे. शंकेने यकीन (खात्री) नाहीसे होत नाही, हा फिकहचा मान्य कायदा आहे. स्टार्च वनस्पतीचे आहे हे यकीन आहे. त्यात चरबी असू शकते ही केवळ शक्यता आहे. शक्यतेला पुराव्याची जोड असेल, उदाहरणार्थ यादीत शेजारीच ई ४७१ लिहिलेले असेल आणि त्याचे मूळ दिलेले नसेल, तर शंकेला आधार मिळतो. असा आधार नसताना केवळ ‘काय सांगता येते’ म्हणून संशय घेत गेलो, तर पीठ, तेल, औषध काहीच उरणार नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्याला शरीअतने तकवा म्हटलेले नाही. त्याला वसवसा (विनाकारण शंका घेत राहणे) म्हणतात, आणि त्यापासूनही सावध केलेले आहे.

तुम्ही सांगितलेल्या हदीसमध्येच एक वाक्य असे आहे की, या संशयास्पद गोष्टी पुष्कळ लोकांना माहीत नसतात. म्हणजे काहींना त्या माहीत असतात. त्यामुळे ज्याला शक्य आहे त्याने माहीत असणाऱ्याला विचारावे, हा मार्ग खुला राहतो.

पिष्टमय

क्रमांक न छापण्याबद्दल थोडे सांगतो. ही लपवाछपवी नाही. खाद्यपदार्थांच्या लेबलांविषयीच्या कोडेक्सच्या (अन्नमानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या) मानकातच स्वादद्रव्ये आणि मॉडिफाइड स्टार्च यांना केवळ वर्गाच्या नावाने लिहिण्याची मोकळीक आहे, आणि युरोपच्या नियमांतही मॉडिफाइड स्टार्चचे विशिष्ट नाव किंवा क्रमांक देणे सक्तीचे नाही. मात्र तेथे ते गव्हाचे असेल तर तसे सांगावे लागते, कारण ग्लुटेनची बाधा असणाऱ्यांना ते कळणे आवश्यक असते. ही मोकळीक मलाही पटत नाही, सावध भाई. क्रमांक छापायला चार अक्षरांची जागा लागते. परंतु क्रमांक छापला तरी तुमचे प्रश्न सुटणार नाहीत, हेही लक्षात घ्या. १४२२ हा क्रमांक फक्त टाके कशाचे घातले ते सांगतो. स्टार्च कोणत्या पद्धतीने वाळवले, रुळावर काय मिसळले, त्याच यंत्रावर आदल्या दिवशी काय तयार झाले, यांपैकी काहीही तो सांगत नाही.

‘शाकाहारी’ चिन्हावर विसंबणाऱ्यांसाठीही हे लागू आहे. त्या चिन्हाने चरबीचा प्रश्न बहुतांशी मिटतो, मद्यार्काचा मिटत नाही.

चौकस

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. सावध भाई, तुमच्या सल्ल्यामागची काळजी मला समजते, पण तालिब भाईंनी सांगितलेला विचारून घेण्याचा मार्ग मला अधिक जवळचा वाटला, म्हणून मी दोन उत्पादकांना पत्र लिहिले होते. त्याची हकीकत येथे लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

पहिले पत्र सॉसबद्दल होते. चार दिवसांत उत्तर आले की, त्यातील स्टार्च १४२२ आहे, मक्याचे आहे, पाण्यात प्रक्रिया केलेले आहे आणि त्यात ई ४७१ किंवा अन्य कोणतेही चरबीजन्य द्रव्य मिसळलेले नाही. एवढ्यावर माझे समाधान झाले.

दुसरे पत्र संत्र्याच्या स्वादाच्या पेयाच्या भुकटीबद्दल होते, जिच्यात १४५० लिहिलेले आहे. तेथून आलेले उत्तर गमतीचे आहे. स्टार्च मक्याचे असून त्यावर मद्यार्काची किंवा एन्झाइमची कोणतीही प्रक्रिया नाही, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. मात्र पुढे, मी न विचारताच, त्यांनी असे सांगितले की या स्टार्चच्या आवरणात जे स्वादद्रव्य कोंडलेले आहे, ते विरघळवण्यासाठी इथेनॉल वापरले होते आणि वाळवताना ते बहुतेक उडून गेले आहे. म्हणजे मी इतके दिवस डबीवर संशय घेत होते आणि प्रश्न डबीतल्या वस्तूचा होता! आता याबाबत काय करावे?

पिष्टमय

ताई, तुम्ही अगदी नेमक्या ठिकाणी पोहोचलात. १४५० चे एक टोक पाण्याला आणि दुसरे तेलाला धरून ठेवते. म्हणूनच स्वादाची तेले, जीवनसत्त्वे आणि रंग यांना भुकटीत बांधून ठेवण्यासाठी ते वापरतात. गंमत अशी की, जीवनसत्त्वांच्या आवरणासाठी पूर्वापार जिलेटिन वापरले जात असे, आणि ते टाळू पाहणाऱ्यांना या स्टार्चचा पर्याय मिळाला. त्यामुळे हलाल पदार्थ तयार करणाऱ्यांना १४५० उलट सोयीचेच ठरते. आवरण निर्दोष असले तरी आतले द्रव्य स्वतंत्रपणे तपासावे लागते, एवढेच.

तालिब

इथेनॉलबद्दल थोडक्यात सांगतो. कुरआनात निषिद्ध असलेले खम्र (मद्य) आणि उद्योगात विद्रावक म्हणून वापरले जाणारे इथेनॉल एकच आहे का, यावर मतभेद आहे. इमाम अबू हनीफा यांच्या मताचा आधार घेऊन, द्राक्षे आणि खजूर यांपासून न काढलेला मद्यार्क विद्रावक म्हणून वापरला आणि अंतिम पदार्थात नशा आणण्याइतका उरला नाही, तर तो पदार्थ चालतो, असे अनेक हनफी उलमा म्हणतात. ज्यांच्या मते मद्यार्क कोणत्याही स्रोताचा असो, नजिसच आहे, त्यांचे उत्तर अधिक कडक असेल. तुम्ही ज्या मसलकाचे अनुसरण करता, त्याच्या मुफ्तींना हे पत्र जसेच्या तसे दाखवा. ‘मॉडिफाइड स्टार्च हलाल आहे का’ असे विचारण्याऐवजी इथेनॉल कशापासून काढले होते आणि किती उरले, हे आधी उत्पादकाकडून लेखी घ्या. नाहीतर मुफ्तीसाहेबांनाही तुम्हाला पुन्हा तेच विचारावे लागेल.

सावध

दुसऱ्या पत्राने माझी हरकत काही अंशी खरी ठरली आणि काही अंशी खोटी, हे मान्य करतो. मी स्टार्चला दोष देत होतो. सॉसच्या बाबतीत मीही असेच पत्र पाठवून पाहीन. प्रमाणपत्र नसलेली भुकटी मात्र अजूनही घेणार नाही.

चौकस

मुफ्तीसाहेबांची भेट येत्या जुम्याला (शुक्रवारी) ठरली आहे. तोपर्यंत इथेनॉलच्या स्रोताबद्दल उत्पादकाला दुसरे पत्र पाठवले आहे. नात्यातील त्या वडीलधाऱ्यांनाही सॉसचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले की, बाकीच्या क्रमांकांची पत्रे कधी पाठवणार.